गाडी नाही म्हणून एडिसनमध्ये बसून राहायचं?

"अमेरिकेत गाडीशिवाय पाय हलत नाही." श्रीकांतने नेहमीच्या ठामपणे सांगून टाकलं आणि डोंबिवलीतल्या आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

विषय प्रकाशचा. तो आणि वहिनी सप्टेंबरात मुलाकडे न्यू जर्सीला, एडिसनला निघालेत. मुलगा-सून दोघंही नोकरीला. मुलाने फोनवर सांगितलंय, "बाबा, शनिवार-रविवारी मी सगळं दाखवतो." म्हणजे उरलेले पाच दिवस या दोघांनी घरात बसायचं. आम्हाला आपलं आपण कुठे जाता येईल का, एवढंच प्रकाशने विचारलं होतं.

श्रीकांतने नोकरीची बरीच वर्षं डॅलसला काढली. त्याचं म्हणणं असं की ट्रेन-बिन विसरा, इथूनच आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. वर्षभर चालतो, फक्त मूळ लायसन्स सोबत ठेवायचं. गाड्या सगळ्या ऑटोमॅटिक, रस्ते मख्खन. १९५६च्या कायद्याने त्यांनी इंटरस्टेटचं, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या महामार्गांचं, जाळं विणलं, त्याला नंबरही असे दिलेत की हरवायला वावच नाही. सम आकडा असेल तर रस्ता पूर्व-पश्चिम, विषम असेल तर उत्तर-दक्षिण. "आय-८० तुझ्या मुलाच्या राज्यातून निघतो तो थेट सॅन फ्रान्सिस्कोला!"

"आणि चालवणार कोण?" शैलाताईंनी विचारलं. "प्रकाशभाऊ इथे स्टेशनपर्यंतसुद्धा रिक्षाने जातात."

शैलाताईंची मुलगी त्याच भागात राहते. "श्रीकांत, तुम्ही सांगताय ते टेक्सासचं. मी जर्सीचं सांगते. डॅलसला गाडीवाचून अडत असेल, मी नाही म्हणत नाही. पण बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंतची पट्टी निराळी आहे. तिथे सव्वासातशे-साडेसातशे किलोमीटरमध्ये बॉस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन अशी ओळीने शहरं लागतात, आणि सगळी एकाच रेल्वेमार्गावर."

मग त्यांनी प्रकाशला जे समजावलं ते मला फार मोलाचं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो. एडिसनच्या शेजारीच मेट्रोपार्क नावाचं स्टेशन आहे. तिथे न्यू जर्सी ट्रान्झिटची लोकल थांबते आणि ॲमट्रॅक या देशभर चालणाऱ्या रेल्वे कंपनीची लांब पल्ल्याची गाडीही. लोकलने पाऊण तासाच्या आसपास न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनात. वयाची ६२ पूर्ण असली की लोकलचं भाडं निम्मं किंवा त्याहूनही कमी, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. गाडीत बसलात की कंडक्टर येतो, तिकीट बघतो आणि डोक्यावरच्या पट्टीत एक कागदाचा कपटा खोचून जातो. तुमचं तिकीट बघून झालं, याची ती खूण. "जागा बदललीत तर तो कपटा आठवणीने बरोबर न्या, नाहीतर पुन्हा विचारतात." फिलाडेल्फियाला स्वस्तात जायचं असेल तर लोकलने ट्रेंटन, आणि तिथून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाकडची, लोकल. वॉशिंग्टनला मात्र ॲमट्रॅक. मेट्रोपार्कहून साधारण तीन तास, युनियन स्टेशनात उतरलं की कॅपिटॉलचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा, घुमट समोर, चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांना तिकीट नाही.

"आणि घरून स्टेशनला कसं जायचं?" श्रीकांत हार मानणारा नव्हे. "तिथे फूटपाथ मध्येच संपतात, माहितीये ना?"

"उबरने. मुलाच्या फोनवरून नाही, स्वतःच्या. पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यायचं."

इतका वेळ गप्प असलेला अण्णा इथे सरसावून बसला. अण्णा मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाला. परदेशी गेलेला नाही, पण जगातल्या रेल्वेची खडान्‌खडा माहिती त्याच्याकडे. पेन स्टेशनात प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटायच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो आणि मग सगळी गर्दी एका जिन्याकडे धावते, ही गोष्ट त्याने मनाला लावून घेतलेली आहे. "परतीच्या वेळी बोर्डाखालीच उभे राहा," तो प्रकाशला म्हणाला. मग त्याने आपला हुकमाचा पत्ता काढला. "तिथवर गेलाच आहेस तर कॅलिफोर्निया झेफर या गाडीचा प्रवास कर. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोच्या अलीकडचं एमरिव्हिल. ३,९०० किलोमीटर, दोन रात्री. रॉकी पर्वत, कोलोरॅडो नदीचं खोरं, मोफॅटचा दहा किलोमीटरचा बोगदा, मग सिएरा नेवाडा. दुमजली डबे, आणि एक डबा तर बाहेर बघत बसायला काचेचाच."

"आणि लेट किती?" श्रीकांत.

अण्णा खोटं बोलत नाही. लेट होते, कधीकधी काही तास. बॉस्टन-वॉशिंग्टनची ती पट्टी सोडली तर रूळ बहुतेक मालगाडीवाल्या कंपन्यांचे आहेत. कायद्याने प्राधान्य पॅसेंजरला. पण मालगाड्या इतक्या लांब झाल्यात की लूप लाइनीत, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुळावर, मावतच नाहीत, मग पॅसेंजरलाच लूपमध्ये घेऊन मालगाडी पुढे काढतात. हे सांगताना त्याचा आवाज चढला. "पॅसेंजर गाडी बाजूला उभी करून मालगाडी काढायची! आमच्याकडे कोणी केलं असतं तर कंट्रोलरने फाडून खाल्लं असतं."

स्लीपरमध्ये खालचा-वरचा बर्थ असलेली दोघांची छोटी खोली मिळते, जेवण भाड्यातच. पण त्या छोट्या खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम नसतं. तसं हवं असेल तर मोठी खोली घ्यावी लागते आणि ती चांगलीच महाग. इथे मी मध्ये पडलो. माझं मत असं की झेफर करायची ती झेफरसाठी. सॅन फ्रान्सिस्कोला पोचायचं साधन म्हणून ती धरू नये. त्यासाठी विमान आहे. न्यू यॉर्कहून साडेसहा तास, आणि घड्याळ तीन तास मागे जातं म्हणून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. बॅगेचे पैसे बहुतेक कंपन्या वेगळे घेतात, ते धरूनच तिकिटांची तुलना करावी. व्हीलचेअर मागितली तर फुकट मिळते. वहिनींचे गुडघे बघता ती तिकीट काढतानाच नोंदवावी. मोठ्या विमानतळांवर चालून चालून जीव जातो.

बसचा विषय आम्ही लवकर मिटवला. १९१४ पासूनची ग्रेहाउंड ही बस कंपनी २०२१मध्ये जर्मनीच्या फ्लिक्सने घेतली. त्यानंतर कित्येक शहरांतले जुने डेपो बंद झाले आणि बस रस्त्याच्या कडेला थांबू लागली. पोरांना ठीक आहे. साठी ओलांडलेल्या जोडप्याने रात्री सामान घेऊन अनोळखी शहरात फूटपाथवर बस शोधू नये. न्यू यॉर्क-वॉशिंग्टन दिवसाउजेडी, तेवढं चालेल.

नायगाराला शैलाताई ट्रेनने गेल्या होत्या. पेन स्टेशनहून नऊ-एक तास. श्रीकांतने लगेच हिशोब काढला की मुलाच्या गाडीने सात तासांत होतं. बरोबर आहे त्याचं. पण शैलाताई म्हणाल्या, "डाव्या बाजूची खिडकी धरा. हडसन नदी तासन्‌तास सोबत असते. आणि गाडी चालवून दमलेला मुलगा धबधबा बघेल की झोपेल?" मेपल लीफ नावाची जी गाडी आहे ती पुढे टोरंटोला जाते, म्हणून नायगारा फॉल्स, न्यू यॉर्क याच स्टेशनला उतरायचं, कॅनडाचा व्हिसा नसेल तर पलीकडे जाता येत नाही.

खरा खटका उडाला तो ग्रँड कॅनियन या ॲरिझोनातल्या महाकाय दरीवरून. इथे श्रीकांतची बाजू भक्कम होती आणि त्याने ती सोडली नाही. लास वेगासला पॅसेंजर ट्रेन १९९७ पासून नाही. तिथून कॅनियनच्या दक्षिण कड्यापर्यंत साडेचारशे किलोमीटर, मधे वाळवंट. वाटेत हवं तिथे थांबायचं तर स्वतःची गाडीच हवी. अण्णाने दरीच्या बाजूचं फ्लॅगस्टाफ हे स्टेशन सुचवलं. शिकागो-लॉस एंजेलिस गाडी तिथे थांबते, तिथून शटल बस मिळते, आणि कड्यावर पोचलं की पार्कच्या फुकट बस आहेत. जवळच्या विल्यम्स गावाहून तर थेट कड्यापर्यंत १९०१ साली सुरू झालेली रेल्वे आहे. "रात्री किंवा पहाटे फ्लॅगस्टाफला उतरून काय करणार म्हातारी माणसं?" श्रीकांतने विचारलं. अण्णाकडे उत्तर नव्हतं.

पण गाडी घ्यायचीच तर ती मुलाने चालवावी, यावर मी आणि शैलाताई अडून बसलो. उजव्या बाजूने चालवणं दोन दिवसांत जमेल, सवय मोडायला मात्र वेळ लागतो. चार बाजूंना 'स्टॉप' असलेल्या चौकात आधी थांबला त्याने आधी जायचं. शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. पोलिसाने मागे दिवा लावला तर उजवीकडे थांबून आतच बसायचं, हात स्टिअरिंगवर. ही यादी श्रीकांतनेच दिली, आणि देता देता त्याचा स्वतःचाच स्वर जरा खाली आला. भाड्याच्या गाडीला क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर जादा पैसे. दुसऱ्याच्या गाडीचं, माणसाचं नुकसान झालं तर त्याचा विमा पुरेसा आहे का, हे काउंटरवर विचारायचंच, कारण तिथला एक साधा अपघात आपल्याकडची आयुष्याची पुंजी नेऊ शकतो. मुलाची गाडी चालवायची म्हटली तरी त्याच्या पॉलिसीत पाहुणा बसतो का, हे मुलाने आधी कंपनीला विचारावं.

माझी कळकळ वेगळीच आहे. एडिसनला, जर्सी सिटीला गेलेले आपले कितीतरी आईवडील महिनोन्‌महिने खिडकीतून पार्किंग लॉट बघत शनिवारची वाट पाहतात. मुलांचा दोष नाही, ती बिचारी राबत असतात. पण त्यांना कोणीतरी "गाडीशिवाय काही होत नाही" असं सांगितलेलं असतं आणि ती आईवडिलांना तेच सांगतात. ज्यांनी उभा जन्म डोंबिवलीची ८.१५ पकडली, त्यांना मेट्रोपार्कची लोकल जड जाणार आहे का?

प्रकाशने कट्ट्यावरूनच मुलाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. "आम्ही दोघं एका बुधवारी वॉशिंग्टनला जाऊ म्हणतोय, ट्रेनने." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. प्रकाश ऐकून घेत होता, मग म्हणाला, "अरे, तू ऑफिसला जा. तिकिटाची तारीख लवकर ठरवू, उशीर केला की महाग पडतं म्हणे." ग्रँड कॅनियनचं त्याने मुलाच्या सुट्टीवर सोडलंय. झेफरबद्दल वहिनींशी बोलायचं आहे. अण्णाने रॉकी पर्वतातल्या स्टेशनांच्या वेळा लिहून द्यायचं कबूल केलंय, आणि श्रीकांतने परवान्यासाठी प्रकाशला कल्याणच्या आरटीओत न्यायचं.