‘आमेन, ब्रदर’ फ्लॉप नव्हतं आणि कोलमन कॉपीराइट घ्यायला विसरलाही नव्हता

ती पोस्ट गेल्या आठवड्यात मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आली, तुमच्याकडेही आली असेल. त्यात थोडक्यात असं आहे की १९६९ साली एका अनोळखी ड्रमरने एकट्याने सहा सेकंदांची बीट बनवली, गाणं सपशेल पडलं, मग जगभरच्या हजारो गाण्यांनी ती बीट जशीच्या तशी उचलली, त्याने कॉपीराइट घेतला नव्हता म्हणून कुणालाच एक पैसा मिळाला नाही आणि बिचारा बेघर मेला. खाली मोठ्या अक्षरांत, ‘म्हणून आपलं काम रजिस्टर करा’.

बेघर मेला हे खरं आहे. ‘आमेन, ब्रदर’मधली ती बीट वाजवणारा ड्रमर ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये गेला तेव्हा त्याला डोक्यावर छप्पर नव्हतं आणि हे वाचून पोटात कालवतंच. पण बाकीचं जवळपास प्रत्येक वाक्य चुकलंय, आणि मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतोय, त्या बीटचे चार बार (म्हणजे चार-चार मात्रांची चार आवर्तनं) शेकडो वेळा हातात बसवून बघितलेत, त्यामुळे लाइक करून पुढे जाणं मला जमत नाही.

आधी ते ‘पडलं’ घेऊ. तबकडीला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला होतं ‘कलर हिम फादर’, सावत्र बापाच्या मायेवरचं गाणं, आणि ते अमेरिकेत पॉप चार्टवर सातव्या नंबरला गेलं, आर अँड बी, म्हणजे काळ्यांच्या लोकप्रिय संगीताच्या, चार्टवर दुसऱ्या, वर बँडचा गायक आणि सॅक्सोफोनवाला रिचर्ड स्पेन्सर याला त्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं. ‘आमेन, ब्रदर’ मागच्या बाजूला. म्हणजे ज्यांनी ज्यांनी हिट गाणं विकत घेतलं त्यांच्या घरात हे वाद्यसंगीत आपोआप पोचलं आणि पुढे जुन्या तबकड्यांच्या खोक्यांत डीजे लोकांना सापडलं ते त्यामुळेच. बँडही काही कुठला अनोळखी नव्हता, वॉशिंग्टनचे द विन्स्टन्स, काळे-गोरे मिळून सहा जण, द इम्प्रेशन्स या नावाजलेल्या गायक-ग्रुपच्या मागे दौऱ्यावर वाजवणारे.

आता ‘एकट्याने बनवली’. ही ट्यून मुळात विन्स्टन्सची नाहीच, जुनं गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिगीत, ‘आमेन’, जे संगीतकार जेस्टर हेअरस्टनने १९६३ च्या एका सिनेमासाठी बसवलं आणि पुढच्या वर्षी इम्प्रेशन्सनी आपल्या पद्धतीने रेकॉर्ड केलं. आपल्याकडे बँडवाले एखाद्या भजनाची चाल शब्द काढून ट्रम्पेटवर घेतात ना, अगदी तसं यांनी केलं, वर इम्प्रेशन्सच्या कर्टिस मेफील्डकडून मिळालेला गिटारचा एक तुकडा जोडला. १९६९ च्या सुरुवातीला अटलांटात रेकॉर्डिंग चालू होतं, मागच्या बाजूला काहीतरी टाकायचं होतं, वाजवून बघितलं तर लांबी कमी पडत होती, म्हणून मधे ड्रमचे चार बार घातले. बस, एवढाच जन्म. ते कसे घालायचे हे मी सांगितलं असं स्पेन्सर म्हणायचा, ऑर्गनवाला फिल टोलोटा म्हणतो सगळं श्रेय कोलमनचं. मला विचाराल तर घालायला कुणीही सांगितलेलं असो, जे वाजलंय ते सांगून वाजत नाही.

कारण ऐका नीट. १ मिनिट २६ सेकंदांनी बाकी सगळे थांबतात. राइड सिंबल (ताल धरणारी झांज) अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर चालू, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दोनदा, मग दुसऱ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), आणि मधेमधे स्नेअरवर अगदी हलके, पुसटसे ठोके, जे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. दोन बार हेच. तिसऱ्या बारमध्ये चौथ्या मात्रेवरचा ठोका तो देतच नाही, अर्धी मात्रा उशिरा देतो, आणि चौथ्या बारची पहिली मात्रा, म्हणजे आपली समच म्हणा, रिकामी सोडतो. आपण पडतो तिथे, आणि तो शांतपणे पुढे क्रॅशवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, येऊन सगळ्यांना परत घेतो. सहा नाही, सात सेकंद आहेत हे, पण तो एक सेकंद सोडून देऊ.

‘जशीच्या तशी उचलली’ हेही धड नाही. १९८६ मध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ नावाच्या डीजेंसाठीच्या तबकड्यांच्या मालिकेत हे आलं आणि तिथून पसरलं. १९८८ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या अमेरिकन रॅप ग्रुपने ते संथ करून वापरलं. नव्वदच्या सुरुवातीला लंडनच्या ‘जंगल’ नावाचं वेगवान नाचाचं संगीत करणाऱ्यांनी तर एकेक ठोका सुटा कापला, वेग मिनिटाला १६० मात्रांच्या वर नेला आणि क्रम बदलून परत जोडला, तेही आजच्या मानाने चिमूटभर मेमरीच्या सॅम्पलरवर (रेकॉर्ड केलेले तुकडे साठवून वाजवायच्या यंत्रावर). विचारायला हवं होतं, पैसे द्यायला हवे होते, यात वादच नाही. पण त्या पोरांनी मेहनत केली नाही असं म्हणू नका.

आणि आता ते ‘रजिस्टर करा’, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्यात दोष कोलमनच्या माथी मारलाय. अहो, रचनेचा कॉपीराइट होता की, स्पेन्सरच्या नावावर! ड्रमचा तुकडा कायद्याच्या नजरेत सहसा रचनेत धरला जात नाही, तो रेकॉर्डिंगचा भाग, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढच्या रेकॉर्डिंगना. हे १९६९ चं. त्यातून स्पेन्सरला हा सगळा प्रकार कळला १९९६ मध्ये, मास्टर टेप (मूळ रेकॉर्डिंगची फीत) शोधत इंग्लंडहून कुणीतरी फोन केला तेव्हा, आणि अमेरिकेत असा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. बहुतेक जुन्या वापरांची मुदत कधीच उलटून गेली होती. समजा सगळं वेळेत झालं असतं तरी पैसा रचनाकाराला आणि कंपनीला गेला असता, वाजवणाऱ्याला नाही. आपल्या ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

राहिलं ‘कुणालाच एक पैसा नाही’. २०१५ मध्ये इंग्लंडच्या दोन डीजेंनी लोकांकडून वर्गणी काढली, २४ हजार पौंड जमले, ते स्पेन्सरला दिले. रॉयल्टी नव्हती ती, ऐकणाऱ्यांनी स्वतःहून दिलेले पैसे होते. स्पेन्सर २०२० मध्ये गेला. कोलमनला जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती, आणि आपला तुकडा कुठे कुठे पोचलाय हे त्याला बहुतेक कळलंच नसावं, असं स्पेन्सरच म्हणायचा.

तर ज्यांनी पोस्ट टाकलीये त्यांना एकच विनंती, ती खालची मोठ्या अक्षरांतली ओळ काढा आणि तिथे नावं लिहा : रिचर्ड स्पेन्सर, रे मारिटानो, क्विन्सी मॅटिसन, फिल टोलोटा, सॉनी पेकरोल, आणि ड्रमवर ग्रेगरी कोलमन.