मलावीच्या शाळा, आपली तूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी या देशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 1994 पासून प्राथमिक शिक्षण फुकट असूनही हा देश जगातल्या अगदी गरीब देशांत मोडतो, म्हणजे अडचण पैशाची नाही, लोकांच्या वृत्तीची आहे; मुलं अधूनमधून शाळा बुडवतात तीही त्यामुळेच. मदतीचा पैसा तिथले सत्ताधारी खातात, हे मी लिहायचं टाळलं. आणि आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळांचे हाल असताना मराठी वाचकाने मलावीची काळजी का करावी?

दुसरा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर पुढे लिहिते. पहिला मात्र मनाला लागला. तुम्ही 1994 चा दाखला दिलात, आणि त्या वर्षी जे घडलं ते तुमच्या म्हणण्याच्या अगदी उलट आहे.

त्या वर्षी हेस्टिंग्ज कामुझू बांडा यांची तीस वर्षांची राजवट संपली, बाकिली मुलुझी निवडून आले आणि प्राथमिक शाळेची फी रद्द झाली. तोवर साधारण 19 लाख मुलं शाळेत जात होती. वर्षभरात हा आकडा 30 लाखांच्या जवळ पोचला. दहा लाख मुलं, एका वर्षात! त्यांना कुणी पकडून आणलं नव्हतं. फीचा अडसर निघाला आणि आईबापांनी पोरं शाळेत धाडली. सहा वर्षांचा भाऊ आणि तेरा-चौदा वर्षांची बहीण एकाच पहिलीच्या वर्गात बसली. शिक्षणाची किंमत नसलेली माणसं असं करतात का?

कमी पडल्या त्या खोल्या, पुस्तकं आणि शिक्षक. सरकारने घाईघाईने सुमारे 20 हजार नवे शिक्षक घेतले आणि काही आठवड्यांच्या तयारीवर वर्गात उभे केले. दुसरं काय करणार होते? पण त्याची किंमत मुलांनी मोजली. आजही तिथे पहिली-दुसरीच्या वर्गात शंभराच्या वर मुलं असणं नवलाचं नाही. कित्येक वर्ग झाडाखाली भरतात आणि पाऊस आला की सुटतात. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. वर्गात साठ पोरं झाली की प्रत्येकाची पाटी बघून होत नाही, असं ते म्हणायचे. शंभरांचं काय होत असेल, याचा विचार त्यांच्यामुळेच माझ्या मनात येतो.

वृत्तीबद्दल बोलायचंच तर राज्यकर्त्यांच्या वृत्तीबद्दल बोलू. खेड्यातल्या मुलांना फी परवडत नव्हती, त्याच काळात, 1981 मध्ये, बांडांनी आपल्या कासुंगू जिल्ह्यात कामुझू अकॅडमी उभारली. निवडक मुलांना तिथे लॅटिन आणि ग्रीक शिकवायचे, आणि शिक्षक गोरेच हवेत असा बांडांचा आग्रह होता. ज्या देशाने तीस वर्षं शिक्षक घडवण्याकडे असं पाहिलं, तिथे 1994 ला अचानक 20 हजार चांगले शिक्षक कुठून मिळणार?

मुलं अधूनमधून शाळा बुडवतात, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण कधी बुडवतात ते बघा. डिसेंबर ते मार्च, घरातला मका संपलेला आणि नवा अजून शेतात. या भुकेला तिथे ‘न्जाला’ म्हणतात. मग आईबरोबर पोरंही ‘गान्यू’ करायला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबायला. ज्या शाळेत सकाळी ‘फाला’, म्हणजे मका-सोयाची पातळ लापशी मिळते, तिथे मुलं येण्याची शक्यता वाढते. शालेय पोषण आहार पाहिलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता भ्रष्टाचार. 2013 चा ‘कॅशगेट’ घोटाळा मी लेखात घ्यायला हवा होता, ती माझी चूक. सरकारी देयकांच्या संगणक प्रणालीतून, न झालेल्या कामांचे पैसे काढून नोंदी पुसल्या गेल्या. देणगीदार देशांनी सरकारी अंदाजपत्रकाला मिळणारी थेट मदत थांबवली. मूळ लेखात मी आज ही भर घालते आहे. पण पैसे लुटणारे आणि झाडाखाली बसलेल्या मुलांचे आईबाप ही एकच माणसं नाहीत. ‘आफ्रिकेची वृत्ती’ म्हणताना तुम्ही त्यांना एका पोत्यात भरता, आणि माझा विरोध त्यालाच आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं. मलावीची निर्यात मुख्यतः तंबाखूवर चालते. देशाला समुद्र नाही, माल मोझांबिकच्या बेइरा किंवा नाकाला बंदरातून जातो. दक्षिणेकडचे छोटे शेतकरी मक्यात ‘नांदोलो’ पेरतात. नांदोलो म्हणजे आपली तूर! तिचा मोठा गिऱ्हाईक भारत. 2015 मध्ये आपल्याकडे तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली, तेव्हा लातूरपासून मलावीपर्यंत सगळ्यांनीच तूर वाढवली. 2016-17 ला आपल्याकडे अमाप पीक आलं, क्विंटलला 5,050 रुपयांचा हमीभावही बाजारात मिळेना. म्हणून ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची बाजू मी जाणते, तो निर्णय चूक होता असं मला म्हणायचं नाही. पण मलावीत तो तुरीच्या काढणीचा हंगाम होता, आणि भाव कोसळले.

तुरीच्या पैशातून भागवायचे असतात वही, गणवेश, आणि आठवीची परीक्षा पास झालेल्या मुलीचा माध्यमिक शाळेचा खर्च. 2021 मध्ये भारताने मलावीकडून दरवर्षी 50 हजार टन तूर घ्यायचा पाच वर्षांचा करार केला. तो वाढवायचा की नाही, हे दिल्लीत ठरतं आणि तुमच्या-माझ्या वरणात शिजतं. म्हणून मी मलावीवर मराठीत लिहिते.