‘बँकवाल्यांवर टीका म्हणजे ज्यूद्वेष कसा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या लेखात मी लंडनच्या एका भित्तिचित्राला ज्यूद्वेषी म्हटलं होतं. त्यात फक्त बँकवाले होते, मग त्याला ज्यूद्वेषी का म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. ‘ज्यूद्वेष’ हा शब्द इस्रायलवर बोलणाऱ्यांची तोंडं बंद करायला वापरतात, असंही म्हटलंय. आणि महाराष्ट्रात ज्यूंना कधी त्रासच झाला नाही, मग युरोपचं दुखणं आपण का उगाळायचं, हा तिसरा मुद्दा.

मधल्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. गाझातल्या बॉम्बफेकीवर, वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींवर, नेतान्याहूंच्या सरकारवर हवी तेवढी कडक टीका करा. 2023 मध्ये खुद्द इस्रायलात लोक महिनोन्‌महिने त्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरत होते. शब्दाचा गैरवापर होतो हेही खरं. ज्यूद्वेषाची जी व्याख्या आज कितीतरी सरकारं वापरतात, तिचा मसुदा तयार करणाऱ्या केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांत कुणाला गप्प बसवायला ती वापरू नका, असं जाहीरपणे सांगितलंय.

पण आता ते चित्र जवळून बघा. 2012 मध्ये ब्रिक लेनजवळच्या एका भिंतीवर ते काढलं गेलं. सूट घातलेले म्हातारे पटाभोवती बसलेत, मोनोपॉलीसारखा खेळ चाललाय. टेबलाला पाय नाहीत, ते ओणव्या झालेल्या माणसांच्या पाठींवर टेकवलंय. काहींची नाकं बाकदार, ज्यूंच्या जुन्या व्यंगचित्रांत असतात तशी. मागे पिरॅमिड आणि त्यावर डोळा, म्हणजे गुप्त कटाची म्हणून सांगितली जाणारी खूण. चित्रकाराचं म्हणणं होतं की यात सगळे ज्यू नाहीत, रॉथशिल्ड आणि वॉरबर्ग या ज्यू बँकर घराण्यांतले आहेत तसे रॉकफेलर आणि मॉर्गनही आहेत. ते मान्य. पण 2008 मध्ये बँका बुडाल्या त्या कुणाच्या कुठल्या निर्णयामुळे, याबद्दल त्या भिंतीवर काय होतं? काहीच नव्हतं. होते ते मूठभर म्हातारे, एक गुप्त खूण आणि त्यांच्या पटावर मांडलेलं जग. हा साचा नाझी पोस्टरांच्याही आधीपासून चालत आलाय. ब्रिटिश राजकारणी जेरेमी कॉर्बिन पॅलेस्टाइनचे जुने समर्थक. चित्र पुसायचं ठरलं तेव्हा त्यांनीही तुमच्यासारखाच प्रश्न विचारला होता. 2018 मध्ये त्यांनी मान्य केलं, की आपण ते नीट पाहिलं नव्हतं आणि चित्र ज्यूद्वेषीच होतं.

तुम्ही पुरावा म्हणून वॉटर्लूची गोष्ट दिलीय: नेपोलियन हरल्याची बातमी नेथन रॉथशिल्डनं सगळ्यांआधी मिळवली आणि लंडनचा शेअरबाजार लुटला. ही गोष्ट पसरली 1846 मध्ये पॅरिसमध्ये छापलेल्या एका पत्रकातून. लेखकानं टोपणनाव घेतलं होतं ‘सैतान’. लढाई होऊन 31 वर्षं झाली होती, नेथनला जाऊन 10. पत्रकात नेथन स्वतः रणांगणाजवळ उभा असतो आणि वादळातून इंग्लिश खाडी ओलांडून लंडन गाठतो. प्रत्यक्षात तो त्या दिवशी तिथे नव्हताच. 1940 मध्ये नाझींनी याच गोष्टीवर सिनेमा काढला, आणि आज ती मराठी फॉरवर्डमध्ये फिरतेय. रॉथशिल्ड श्रीमंत बँकर होते, हे कोण नाकारतंय? त्यांच्या एखाद्या कर्जव्यवहाराचा हिशेब मांडा, मी वाचेन. तसा हिशेब चुकीचा निघू शकतो, तपासता येतो. या साच्याचं तसं नसतं. ज्यूंच्या जागतिक कटाचा म्हणून जो ‘दस्तऐवज’ 1903 मध्ये रशियात छापला गेला, तो बनावट असल्याचं लंडनच्या ‘टाइम्स’नं 1921 मध्ये दाखवून दिलं. फ्रान्सचा नंतरचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर टीका करणाऱ्या 1864 च्या एका फ्रेंच पुस्तकातून मजकूर उचलला होता, आणि मूळ पुस्तकात ज्यूंचा विषयच नव्हता. तरी तो खपत राहिला. ‘टाइम्स’ ज्यूंच्याच हातात आहे, म्हटलं की काम झालं.

आता महाराष्ट्र. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले बेने इस्रायल ज्यू आपलेच. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. शेजाऱ्यांनी त्यांना सुखानं नांदू दिलं, याचा मलाही अभिमान आहे. पण म्हणूनच हा साचा समोर आला तरी आपल्याला खटकत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला होता: मूठभर ज्यू, पण जगातला पैसा, बँका, वर्तमानपत्रं सगळं त्यांच्या मुठीत, शिका काहीतरी! खाली टाळ्या. मी लिहिलं, ‘काका, अलिबागच्या तेल्याच्या मुठीत कुठली बँक होती?’ काकांचा लगेच फोन. ‘अगं, मी तर कौतुक केलं!’ पंधरा दिवसांनी तोच मजकूर दुसऱ्या एका ग्रुपवर आला, गाझाच्या फोटोखाली. फक्त शेवटची ओळ बदलली होती, ‘शिका’च्या जागी शिवी. मी तो काकांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि ‘त्रासच झाला नाही’ हे 2008 नंतर तरी म्हणू नये. 26 नोव्हेंबरला अतिरेकी कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये चुकून शिरले नव्हते. ते ज्यूंचं केंद्र आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

मी स्वतः काय करते, असंही तुम्ही विचारलंत. समोरच्याला ‘ज्यूद्वेष्टा’ म्हणत नाही, त्यानं बोलणंच संपतं. ‘ज्यूंनी केलं’ असं कुणी लिहिलं की विचारते, कोणी? सरकारनं, लष्करानं, कुठल्या मंत्र्यानं? बरेच जण स्वतःच वाक्य दुरुस्त करतात, कारण त्यांचा राग खरा असतो, फक्त शब्द उसने असतात. नाव, निर्णय, तारीख काहीच न सांगता ‘सगळं त्यांच्याच हातात आहे’ असं जे म्हणत राहतात, त्यांना ही गोष्ट कुठून आली ते सांगते, एकदाच, ग्रुपवरच. बाकीचे वाचत असतात म्हणून.

तुमच्यामुळे माझी एक चूक मात्र लक्षात आली. मूळ लेखात मी ‘रॉथशिल्डचं नाव आलं की समजून जावं’ असं लिहिलं होतं. ते वाक्य अन्यायाचं होतं. आज काढून टाकलंय.