अर्धा रोज

आज आईचा अर्धा रोज कापला. अडीचच्या सुमारास आभाळ काळंभोर झालं, गडगडायला लागलं, आणि सरकी टोबणाऱ्या, म्हणजे कापसाचं बी हाताने मातीत लावणाऱ्या, १२ बाया काम टाकून गावाकडे निघाल्या. मालक म्हणे, "थेंब तरी पडला का? हवा पाहून पळता, मंग पैसे कायचे?"

विजेसाठी थेंबाची वाट पाहायची असते का हो? पाऊस तिकडे दूर असतो आणि वीज इकडे कोरड्या वावरात पडते. चमकली की आकडे मोजायचे. ३ सेकंदाला १ किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला की काम सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वावरात पाय ठेवायचा नाही. आज आईने बोटांवर मोजले, अठरा आले. सगळ्यांना तिनेच उठवलं. म्हणून मालकाचा राग तिच्यावर जास्त.

आईनेच उठवलं, याचं मला जास्त लागलंय. ती पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली; अशा माणसावर वीज पडते असं लोक मानतात. मी चौथीत होते तेव्हा असंच आभाळ आलं, बाया धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली धावल्या आणि आईला म्हणाल्या, "तू तिकडं सरक वं, तुह्यापायी आमच्यावर पडन." आई दूर, डोक्यावर पोतं घेऊन उकिडवी बसली. वीज मोहावर पडली.

आता कोणी म्हणेल, 'दामिनी' ॲप घ्या. चांगलंच आहे ते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलंय, २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज असली तर कळवतं. पण १२ बायांत मोबाईल दोन, तेही बटणांचे. ग्रामपंचायतीत पोस्टर आहे, 'झाडाखाली थांबू नका'. बरं, नाही थांबत. मग जायचं कुठं? गाव दोन किलोमीटर. धुऱ्यावर नुसती टिनाची टपरी, तिला भिंती नाहीत. ट्रॅक्टर उघडा.

आणि मालक कुठं होता? काच वर करून गाडीत! बंद गाडीइतकी बरी जागा त्या अख्ख्या वावरात नाही, वीज वरच्या वर पत्र्यावरून जमिनीत उतरते. त्याला हे ठाऊक असो नसो, पठ्ठ्या बसला होता अगदी बरोबर जागी.

वापसा (पेरणीजोगी ओल) गेला की टोबणी फसते, हे मान्य. बियाण्याचे पैसे त्याचेच जातात, तेही मान्य. पण वीज पडून माणूस मेलं तर सरकार घरच्यांना ४ लाख देतं, आणि जितं घरी आलं तर तुम्ही अर्धा रोज कापता, हा कुठला हिशोब?

मोहाखालची काकू जागच्या जागी पडली होती. कोणी हात लावेना, अंगात करंट असेल म्हणून. कोणी म्हणालं शेणात ठेवा. अंगात करंट राहत नाही हो. वीज पडलेल्याला लगेच हात लावता येतो, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला घ्यायची, कधीकधी माणूस परत येतो. काकू आली असती की नाही, देव जाणे. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. दोन वेण्या, लाल रिबिनी.

गावाने बोल आईलाच लावला. पुढे वर्षभर तिला कोणी निंदणाला नेलं नाही. आणि आज त्याच गावच्या बाया तिच्या एका शब्दावर उठल्या, हे लिहिताना मला कसंतरीच होतंय.

मी मघा तिला म्हटलं, "आई, उद्यापासून नको जाऊ." ती भाकरी थापत होती. म्हणे, "चूप बस. उद्या दोन तासं आधी बलावलं त्यानं, ऊन हाये तवर उरकून घेऊ."

कापलेल्या पैशांचं विचारलं, तर म्हणे ते सगळ्या मिळून बोलणार आहेत. बाराही जणी.