बिनपंखांचं चिलट

विषय निघाला डासांवरून. संध्याकाळी सातनंतर आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय सुचतही नाही. संत्या पोटऱ्या खाजवत म्हणाला, "आइसलँडला जाऊन राहावं. तिथे डास नसतात."

"नसायचे," सर म्हणाले. "2025 च्या ऑक्टोबरात सापडले की. तीन. एका हौशी माणसाने पतंग-किडे पकडायला वाइनमध्ये भिजवलेल्या दोऱ्या टांगल्या होत्या, त्यांवर येऊन बसले."

"दारूनेच घात केला," बापू म्हणाला.

बापूचं खत-औषधांचं दुकान आहे. किडीबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्याची समजूत. आणि ती फारशी चूकही नाही. "पण सर, खऱ्या बर्फाच्या मुलखात बाहेरची कीड टिकायची नाही."

मग सरांनी सिग्नी बेटाचं सांगितलं. अंटार्क्टिकाच्या साउथ ऑर्कनी बेटांपैकी एक. 1960 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथे दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाहून रोपं आणून लावली, प्रयोग म्हणून. मुळांच्या मातीतून एक चिलट आलं. एरेटमॉप्टेरा मर्फी. काही मिलिमीटरचं, पंख नाहीत, सगळ्या माद्या. नराशिवायच अंडी घालतात.

"म्हणजे एक जरी पोचली तरी वंश सुरू," संत्या.

"आणि अळीचं आयुष्य दोनेक वर्षांचं. हिवाळाभर गोठलेल्या मातीत पडून राहते."

"थांबा," मी म्हटलं, "म्हणजे हे शास्त्रज्ञांनीच नेलं? आणि आता तेच बाहेरची कीड म्हणून बोंब मारतायत?"

"त्यांनीच नेलं," सर म्हणाले. मला जरा वाद हवा होता, पण सर असे पटकन कबूल होतात की मजाच जाते.

बापूचा मुद्दा मात्र खरा निघाला. "ती अळी खाते काय?"

"कुजलेलं शेवाळ, सडका पाला. तिथली माती इतक्या हळू कुजते की विचारू नका. ही अळी आली आणि काम भराभर व्हायला लागलं. जिथे ती आहे तिथल्या मातीत नायट्रेट, म्हणजे झाडांना लागणारं नत्र, तीन ते पाच पट भरलं. सील लोळतात त्या जागेइतकं."

"मग बिघडलं कुठे?" बापू उठूनच बसला. "मी युरियाची गोणी विकतो, तिथे नत्र फुकट मिळतंय!"

"तिथे कुणाला ऊस लावायचाय? अंटार्क्टिकाची फुलझाडं दोनच, एक गवत आणि एक उशीसारखं वाढणारं छोटं रोप. बाकी शेवाळ. ते उपाशीपणावरच जगायला शिकलंय. तू खत टाकलंस की फायदा बाहेरून येणाऱ्या गवताचा. अंटार्क्टिकाच्याच किंग जॉर्ज बेटावर पोआ अॅन्युआ नावाचं असं गवत 1980 च्या दशकातच पोचलंय."

बापू गप्प झाला. रानात खत टाकलं की आधी तण उठतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मग औषध मारा," तो म्हणाला, सवयीने.

"कशावर? त्याच मातीत तिथले मूळचे बारीक जीव आहेत."

पंख नाहीत, मग पसरतं कसं, हे संत्याने विचारलं. बुटांना चिकटलेल्या मातीतून. म्हणून बूट घासून, धुऊन मगच पुढे जायचं. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठी झालेल्या 1991 च्या माद्रिद करारात परवान्याशिवाय बाहेरचा जीव नेण्यावर बंदी आली; बर्फावरची गाडी ओढणारी कुत्रीसुद्धा 1994 पर्यंत परत आणली. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री आणि भारती या संशोधन केंद्रांच्या मोहिमा गोव्यातून, वास्कोच्या संस्थेतून चालतात. त्यांनाही तेच बंधन, शिवाय 2022 चा आपला अंटार्क्टिक कायदा आहे.

"बूट धुतले, पण सांडपाणी?" मी विचारलं. कारण किंग जॉर्ज बेटावर दुसरी एक माशी, पंख असलेली, संशोधन केंद्रांच्या सांडपाण्याच्या टाक्यांत सापडली आहे, हे मी वाचलं होतं. तिला उबदार टाकी मिळाली, बस.

सरांनी मान हलवली. बापूला वेगळाच प्रश्न पडला होता. "साउथ जॉर्जिया ते सिग्नी किती लांब?"

"आठ-नऊशे किलोमीटर."

"मग शेजारचंच की! त्याला परकं कसं म्हणायचं?"

"स्वतःहून आलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं."

बापूने चपला झटकल्या. दुपारीच तो एका शेतावरून आला होता. काँग्रेस गवताचं फूल तळव्याला चिकटलेलं होतं. संत्याने ते दाखवलं आणि त्यानंतर अर्धा तास बापू फक्त मक्यावरच्या लष्करी अळीबद्दल बोलला.