कारखाना परदेशी गेला की गाडीच्या किमतीएवढी तूट वाढते?

एखादी वाहन कंपनी उत्पादन दुसऱ्या देशात हलवते, की एक हिशेब हमखास फिरू लागतो: इतक्या लाख गाड्या गुणिले शोरूममधली किंमत, तेवढी व्यापारी तूट वाढली. वर नफाही बाहेर गेला, आणि आयातशुल्क लावून कारखाना परत आणला की तूट तेवढीच खाली येईल. कारखाना बंद होण्याचं दुःख खरं आहे. पण हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्याच्यामुळे खरं नुकसान कुठे होतं तिकडे लक्षच जात नाही.

“शोरूमच्या किमतीएवढी आयात वाढते.” नाही. आयातीच्या आकड्यात सीमेवरची किंमत धरतात. विक्रेत्याचं कमिशन, देशांतर्गत कर, नोंदणी, बंदरापासून पुढची वाहतूक यातलं काही त्यात नसतं.

“गाडीची अख्खी किंमत तुटीत जाते.” मुख्य चूक इथे आहे. कारखान्याच्या दारात गाडीची किंमत 100 धरू. ती देशात बनत होती तेव्हाही 30 चे सुटे भाग बाहेरून येत होते, म्हणजे देशातलं मूल्यवर्धन (देशात झालेल्या कामाने पडलेली भर) 70. आता जुळणी परदेशी गेली, पण इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स मिळून 35 चे भाग इथूनच जातात. 100 ची आयात, 35 ची निर्यात: उणे 65. आधी उणे 30 होतंच, म्हणजे शिल्लक 35 ने बिघडली. गाडी पूर्वी निर्यात होत असली तरी उत्तर तेच येतं: आधी 100 वजा 30, म्हणजे अधिक 70, आता फक्त भागांचे 35. तूट वाढते ती गमावलेल्या मूल्यवर्धनाएवढी. दोन देशांमधल्या तुटीचा आकडा तर आणखी फसवा, कारण जिथे जुळणी झाली त्या देशाच्या नावावर सगळे 100 चढतात. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या 2020 पासूनच्या करारात शुल्कमाफीसाठी गाडीतलं 75 टक्के मूल्य या तीन देशांतलं असावं लागतं (त्याआधीच्या नाफ्टा करारात ही अट 62.5 टक्के होती). मेक्सिकोतून अमेरिकेत आलेल्या गाडीला निव्वळ मेक्सिकोची म्हणता येत नाही ते यामुळे.

पण हे 35 टिकतात का? वाद व्हायला हवा तो यावर. सुरुवातीला आकडे उलट सुधारलेलेही दिसू शकतात, कारण नव्या कारखान्यासाठी प्रेस, डाय (पत्रा घडवायचे साचे), रोबो जुन्या देशातूनच जातात आणि निर्यात म्हणून नोंदले जातात. सीट, बंपर, डॅशबोर्ड, एक्झॉस्ट लगेच हलतात: आकाराने मोठे, वाहतुकीला महाग, आणि जुळणीच्या क्रमाने काही तासांत लाइनवर पोचवावे लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे राहतात, कारण त्यांच्या मशीनिंग लाइनमध्ये मोठं भांडवल अडकलेलं असतं. साधारण पाच-सात वर्षांनी मॉडेल बदलतं, भागांची कंत्राटं नव्याने निघतात, आणि तेव्हा ओतकाम आणि मशीनिंगही नव्या कारखान्याशेजारी उभं राहण्याची शक्यता वाढते. 35 चे 10 झाले की नुकसान 60 वर जातं. शिवाय ज्या फाउंड्रीचं निम्मं काम गेलं, तिचा उरलेल्या गिऱ्हाइकांसाठीचा खर्चही चढतो. म्हणून सीमाशुल्काच्या वर्गीकरणातलं 8703 (प्रवासी गाड्या) एकटं पाहू नका. 8708 (सुटे भाग), 8407 आणि 8408 (इंजिनं) मॉडेल बदलल्यानंतर कुठे जातात ते पाहा.

“नफा देशाबाहेर गेला.” परदेशी कारखान्याचा नफा मूळ कंपनीच्या देशाच्या चालू खात्यात (माल, सेवा आणि उत्पन्न यांच्या परदेशांशी झालेल्या देवघेवीच्या हिशेबात) प्राथमिक उत्पन्न म्हणून जमा होतो, रॉयल्टी सेवांच्या निर्यातीत. जपानची मालाच्या व्यापारातली तूट 2022 मध्ये सुमारे 20 लाख कोटी येन होती, मुख्यतः महागड्या इंधनामुळे. तरी चालू खातं शिलकीत राहिलं, कारण परदेशी गुंतवणुकीचं उत्पन्न त्याहून मोठं होतं. मात्र या जमेवर फार विसंबू नये. तिथेच पुन्हा गुंतवलेला नफाही उत्पन्न म्हणूनच नोंदला जातो, रोकड परत येतेच असं नाही. आणि मूळ कंपनी आपल्याच उपकंपनीला इंजिन कमी दराने विकत असेल, तर निर्यात कमी आणि परदेशातला नफा जास्त दिसतो.

“शुल्क लावा, तूट जाईल.” जपानने अमेरिकेच्या दबावाखाली 1981 मध्ये तिकडची गाड्यांची निर्यात वर्षाला 16.8 लाखांवर रोखून धरली. होंडाने 1982 मध्ये ओहायोत गाड्या बनवायला सुरुवात केली, पण सुरुवातीला इंजिनांसारखे महाग भाग जपानहूनच येत राहिले, म्हणजे जुळणी आली तरी तूट गाडीच्या किमतीएवढी घटली नाही. सुट्या भागांवरही शुल्क लावलं तर देशात उरलेल्या जुळणीचाच खर्च वाढतो आणि तिची निर्यात घटते. शिवाय चालू खात्याची तूट म्हणजे देशाची एकूण बचत आणि गुंतवणूक यांतलं अंतर; ते तेच राहिलं, तर तूट गाड्यांमधून निघून दुसऱ्या मालात उगवते. ऑस्ट्रेलियात याची उलटी बाजू दिसली. फोर्डने 2016 मध्ये, टोयोटा आणि होल्डनने (जनरल मोटर्सची तिथली कंपनी) ऑक्टोबर 2017 मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं आणि देशातला प्रवासी गाड्यांचा उद्योगच संपला. तरी 2019 च्या एप्रिल-जून तिमाहीत चालू खातं 1975 नंतर प्रथमच शिलकीत आलं. लोहखनिज आणि नैसर्गिक वायूच्या निर्यातीचं उत्पन्न वाढलं होतं, आणि खाणींमधली नवी गुंतवणूक ओसरली होती.