२४०झेडबद्दलच्या तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

माझ्या १९७२च्या डॅटसन २४०झेड या जपानी स्पोर्ट्स कारवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली आणि दोन दिवस काहीच लिहिलं नाही. तुम्ही मनापासून चिडून लिहिलं आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायचं होतं. तुमचं म्हणणं इतर वाचकांसाठी थोडक्यात असं: याला पुनरुज्जीवन म्हणू नका, मूळ इंजिन काढलंत, गिअरबॉक्स बदललात, डॅटसनला टोयोटाचे ब्रेक लावलेत, वायरिंगला हात घातलात, खालचा पत्रा कापलात, रंगसुद्धा बदललात, पन्नास वर्षं टिकलेली गाडी जशी होती तशी ठेवायला हवी होती.

"जशी होती तशी" म्हणजे कशी होती, ते मी लेखात फार घाईत उरकलं. चूक माझी. फोटो फक्त तयार गाडीचे टाकले, त्यामुळे मी एक धडधाकट गाडी उघडून विस्कटली असं वाटणं साहजिक आहे.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा लांबून बरी दिसत होती. दारामागचा खालचा कोपरा, जिथे मागच्या चाकाची कमान सुरू होते, तो बोटाने दाबला तर कडक लागत होता, पण चुंबक चिकटत नव्हता. पुट्टी खरवडली तर आत तारेची जाळी, जाळीवर फायबर, आणि त्यामागे पोकळी. आधीच्या कुणीतरी गंज न काढता वरून झाकला होता. या गाड्यांना ते ठिकाण कुप्रसिद्धच आहे, कारण आत साचलेलं पाणी बाहेर जायला वाट नसते. दुसरं ठिकाण बॅटरीचा ट्रे. इंजिनाशेजारी, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला) लागून उजव्या बाजूला बॅटरी बसते. वर्षानुवर्षं तिचं ॲसिड ठिबकतं, आधी ट्रे खातं, मग त्याच्या खालून जाणारी रेल, म्हणजे सांगाड्याची लांब पोकळ पत्र्याची तुळई. माझ्या गाडीत त्या रेलमध्ये स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. २४०झेडला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. पुढच्या सस्पेन्शनचं ओझं ज्या दोन रेलवर येतं, त्याच मागे सरकत सीटखालच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. उजव्या रेलवर कुणीतरी दुसरी पट्टी रिव्हेट मारून बसवली होती, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकून मूळ रेल पापुद्र्यासारखी झाली होती. जॅक लावला की रेल वर दबायची आणि उजव्या दाराची फट बदलायची. अशी गाडी जशी आहे तशी ठेवणं म्हणजे ती न चालवणं, आणि आणखी काही वर्षांनी तिचे तुकडे उचलणं.

म्हणून पत्रा कापला. पण कसा, ते सांगतो. आधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे पत्रा काढल्यावर सांगाडा वाकणार नाही. कर्णांची मापं घेऊन खडूने भिंतीवर लिहून ठेवली. आतल्या जमिनीवर कारखान्यात चिकटवलेला आवाज दाबणारा डांबरी थर असतो. त्यावर कोरडा बर्फ (ड्राय आइस) पसरला की तो आक्रसून तडकतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने पापडासारखा निघतो. त्याखालीच खरा गंज दिसला. मग कारखान्याचे स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांसारखे जोड, एकेक करून ड्रिलने सोडवले. ग्राइंडरने सरळ कापलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं. असं करायला सहा आठवडे लागले. पण त्यामुळे जोडाची मूळ कड शाबूत राहिली आणि नवीन रेल कारखान्याने जिथे बसवली होती तिथेच बसली. नवीन पत्रा मूळ पत्र्यापेक्षा किंचित जाड आहे, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. ते मी जाणूनबुजून केलं. मूळ पत्रा पातळ होता ही या गाडीची उणीवच होती, आणि ती जपण्यात मला काही मोल दिसत नाही.

जो पत्रा चांगला होता त्याला कुठेही हात लावलेला नाही. चाकांच्या कमानी कापल्या नाहीत, डॅशबोर्डला एकही नवीन भोक पाडलं नाही. बाकी सगळं काम मी एकाच नियमावर केलं: जे पाना लावून काढता येतं आणि पुन्हा लावता येतं ते बदलायला हरकत नाही, जे करवतीशिवाय निघत नाही त्याला सडल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता इंजिन. तुमचा सगळ्यात मोठा राग त्यावर आहे. मूळ एल२४, म्हणजे २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं सरळ इंजिन, मी विकलेलं नाही आणि भंगारातही दिलेलं नाही. ते स्टँडवर आहे. प्लगच्या भोकांतून तेल सोडलेलं आहे आणि महिन्यातून एकदा मी ते हाताने फिरवतो. त्याच्या दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील इतके खोल ओरखडे होते. बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा रुंद कापून, ते निघाले असते, पण ब्लॉकचं लोखंड एकदा कापलं की परत येत नाही. ज्या ब्लॉकचा नंबर या गाडीच्या पाटीवर आहे तो शक्य तेवढा अखंड राहावा असं मला वाटलं.

त्याच्या जागी एल२८ बसवलं. हे उपरं इंजिन नाही. निस्साननेच (डॅटसन हा तिचाच ब्रँड) याच गाडीच्या १९७५पासूनच्या रूपात, २८०झेडमध्ये, ते घातलं होतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिलिमीटरचा ८६ झाला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७३.७चा ७९, आणि क्षमता २,७५३ सीसी. माउंट तेच, क्लचचं आवरण त्याच बोल्टवर बसतं, फायरिंग ऑर्डरही, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रमही, तीच: १-५-३-६-२-४. बॉनेट उघडून नंबर न वाचता एल२४ आणि एल२८ वेगळं ओळखायला सरावलेली नजर लागते. २८०झेडला कारखान्यातून बॉशचं इंधन इंजेक्शन होतं, ते मी घेतलं नाही. मूळ गाडीचे हिताचीचे एसयू पद्धतीचे दोन गोल डोक्यांचे कार्ब्युरेटरच ठेवले, फक्त सुया बदलल्या, कारण वाढलेल्या क्षमतेला मिश्रण कमी पडत होतं. आणि खरं सांगायचं तर मला जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, हवीही होती. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन ज्या सहजतेने ओढतं त्याचा मला आनंद होतो, तो मी लपवणार नाही.

यापुढे एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. मूळ म्हणजे नेमकी कुठली गाडी? ऑक्टोबर १९६९मध्ये जपानमध्ये हीच गाडी फेअरलेडी झेड या नावाने आली तेव्हा तिथल्या साध्या गाडीत २ लिटरचं एल२० इंजिन होतं. त्याच सांगाड्यात निस्सानने स्कायलाइन जीटी-आरचं एस२० इंजिन घालून झेड४३२ काढली. ४३२ म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह, ३ कार्ब्युरेटर आणि २ कॅमशाफ्ट. अमेरिकेला २४०झेड गेली. १९७१मध्ये जपानसाठी २४०झेडजी आली, तिला लांब नाक आणि चाकांवर वरून बसवलेल्या रुंद कमानी होत्या. मग २६०झेड, मग २८०झेड. म्हणजे १९७८पर्यंत कारखाना स्वतःच याच सांगाड्यात इंजिनं, गिअरबॉक्स आणि नाकं बदलत राहिला.

पाच गिअरच्या बाबतीतही तेच. माझी गाडी अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली, म्हणून तिला चार गिअर होते. त्याच काळात जपानमध्ये हीच गाडी पाच गिअरमध्ये मिळत होती. मी नंतरच्या झेडचा पाच गिअरचा बॉक्स लावला. चार गिअरचा बॉक्स फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. याहून अधिक त्यात सांगण्यासारखं नाही.

ब्रेकबद्दल मात्र मी ठाम आहे. "डॅटसनला टोयोटाचे ब्रेक" हे वाक्य वाचायला वाईट वाटतं, पण यामागे साधं कारण आहे. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकची डिस्क दोन्ही बाजूंनी आवळणारे भाग) २४०झेडच्या मूळ जागी, मूळ भोकांत बसतात. डिस्क मूळच्याच मापाची राहते. फक्त तिच्यामागचं धूळ अडवणारं पातळ पत्र्याचं कवच थोडं छाटावं लागतं. ते मूळ कवच मी छाटलं नाही. काढून ठेवलं आणि दुसरं जुनं मिळवून छाटलं. मागचे ब्रेक अजून ड्रमच आहेत, मूळचे, ॲल्युमिनियमचे, उष्णता बाहेर टाकायला बाहेरून पट्ट्या असलेले. ते उत्तम काम करतात आणि बदलण्याचं कारण नव्हतं.

यात एक धोका आहे. तुम्ही तो विचारला नाहीत, पण हे वाचून कुणी घरी प्रयोग करेल म्हणून लिहितो. पुढचे पिस्टन मोठे झाले की त्यांना जास्त तेल लागतं. पेडल दाबल्यावर ते तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर मूळचा, म्हणजे ७/८ इंचाचा, ठेवला तर पेडल खोल जातं. मी नंतरच्या २८०झेडएक्स मॉडेलचा १५/१६ इंचाचा घातला. त्यानंतर मोकळ्या, ओल्या जागेवर कमी वेगात पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पुढची चाकं आधी लॉक होतात याची खात्री केली. मागची आधी लॉक झाली असती तर गाडी गोल फिरली असती.

सस्पेन्शनमध्ये सांध्यांत बसणारे बहुतेक रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे लावले, पण एका जागी मी रबरच ठेवलं. पुढच्या खालच्या आर्मला चाकाच्या रेषेत धरून ठेवणारा जो रॉड आहे, त्याच्या टोकाला दोन्ही बाजूंनी कडक बुश लावले तर रॉडला हलायला जागा राहत नाही. चाक खालीवर होताना तो प्रत्येक वेळी वाकतो, आणि कधीतरी तुटतो. चालत्या गाडीत तो तुटला तर चाक मागे सरकतं. तिथे कारखान्याने मऊ रबर का दिलं होतं, ते उघडून पाहिल्यावरच मला पटलं. म्हणून तुम्ही म्हणता तसं "मूळ ते सगळं फेकलं" हे खरं नाही.

वायरिंगला हात घातला तो भीतीपोटी. या गाडीत हेडलाइटचा सगळा प्रवाह फ्यूज बॉक्समधून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. नवीन असताना ते चालून गेलं. पन्नास वर्षांत पितळी पट्ट्या काळ्या पडतात, स्प्रिंग सैल होते, जोड तापतो आणि भोवतालचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं. माझ्या फ्यूज बॉक्सचा एक कोपरा वितळून खाली ओघळला होता. मी दोन रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, लावले. आता स्विचमधून फक्त रिले चालवण्यापुरता नाममात्र प्रवाह जातो आणि दिव्यांना वीज जाड वायरीने थेट मिळते. मूळ वायरिंगची एकही तार कापलेली नाही; मूळ जोडांमध्येच अडकणारा छोटा हार्नेस (तारांचा जुडगा) मी हाताने बांधला. दोन प्लग ओढले की गाडी पुन्हा १९७२ची, आणि दिवेही पुन्हा १९७२चे.

तुम्ही किमतीचाही विषय काढलात. जानेवारी २०२०मध्ये १९७१ची एक २४०झेड लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली, हे मला माहीत आहे. पण ती अतिशय कमी चाललेली, कुणी न छेडलेली गाडी होती. तशी गाडी माझ्या हाती आली असती तर मी तिचा एक स्क्रूही हलवला नसता. तिच्याकडे पाहूनच तर आपल्याला कळतं की कारखान्याने कुठल्या बोल्टला कुठला मुलामा दिला होता. अशा गाड्या पुराव्यासारख्या आहेत, त्यांच्याबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. माझ्या गाडीचा तो पुरावा मी येण्याआधीच पुट्टीखाली कुजला होता.

आता ज्या दोन गोष्टींत तुमचं बरोबर आहे त्या.

पहिली, शब्द. १९९०च्या दशकात निस्सानने स्वतः जुन्या २४०झेड विकत घेतल्या, पूर्ण उघडून पुन्हा बांधल्या आणि निवडक विक्रेत्यांमार्फत सुमारे २५ हजार डॉलरला विकल्या. पुनरुज्जीवन म्हणावं ते त्याला. मी केलं ते सांगाड्याची दुरुस्ती आणि यंत्रात सुधारणा. लेखाचं शीर्षक मी आज तसं बदललं आहे.

दुसरी, रंग. यावर मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनही वेळा खोडलं, कारण माझ्याकडे उत्तर नाही. कारखान्याच्या क्रमांकाप्रमाणे गाडीचा मूळ रंग ९२० होता, तो तपकिरी झाक असलेला सोनेरी मेटॅलिक. मी तिला नारिंगी ९१८ दिला. तोही त्याच काळातला, कारखान्याचाच रंग आहे, पण या गाडीचा नाही. वर लिहिलेला माझा स्वतःचा नियम मी इथे मोडला. रंग पान्याने निघत नाही. लहानपणापासून डोळ्यांसमोर नारिंगी २४०झेड होती, आणि पेंटिंगच्या आधी तीन रात्री मी जागा होतो तरी शेवटी तोच डबा उघडला. सांगाड्यावरचा जुना सोनेरी थर तेव्हा घासून गेला. तो जाऊ द्यायला नको होता, हे मला तुमची प्रतिक्रिया येण्याआधीपासून बोचत होतं.

हीटरच्या मागे, डॅशबोर्डच्या आत फायरवॉलचा साधारण दोन हातांएवढा भाग मात्र मी रंगवलेला नाही. तिथे कारखान्याचा ९२० अजून आहे, थोडा फिका पडलेला. पुढच्या आठवड्यात हीटरचा नळ बदलायचा आहे, तेव्हा त्याचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून इथे टाकतो. आताचा नारिंगी रंग जेव्हा केव्हा उतरवायची वेळ येईल, तेव्हा त्या तुकड्यावरून छटा जुळवून गाडी पुन्हा सोनेरी करेन.